वाट, वारी आणि परतीची गाडी

समुद्र नसलेल्या जिल्ह्यात राहण्याचा एक मोठा फायदा असतो. पाहुणे फार दिवस राहत नाहीत. मे महिन्यात कोकणातल्या माणसाकडे जशी नातेवाइकांची भरती येते तशी हिंगोलीत कुणाकडे आल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट आमच्याकडे बेचाळीस अंशांचं ऊन पाहुण्याला तिसऱ्या दिवशी स्वतःच्या मुलाबाळांची आठवण करून देतं.

आमचे एक मुंबईकर स्नेही मात्र आले. त्यांना पायी भटकायचा नाद. 'जाताना एसटी, येताना एसटी, मधे पाय' असं त्यांचं सुटसुटीत तत्त्वज्ञान. "तुमच्याकडे किनाऱ्यानं जाणारी एखादी वाट असेलच ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहे की. पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, पैनगंगेवर इसापूरचं आहे. पाणी इतकं की पलीकडचा काठ दिसत नाही." यात थोडी अतिशयोक्ती होती, पण पलीकडचा काठ न दिसण्याला पाण्याइतकाच माझ्या चष्म्याचा नंबरही कारणीभूत आहे.

"आणि तुमचे पूर्वज या वाटांनी फिरायला जात?" त्यांचा पुढचा प्रश्न. मी विचारात पडलो. पूर्वज चालत हे नक्की. पण फिरायला?

मराठी भाषेलाच विचारून पाहा. चालण्याबद्दल तिला काय वाटतं ते तिनं कधी लपवलेलं नाही. पायपीट, वणवण, तंगडतोड, खेटे, हेलपाटे, जोडे झिजवणं! यातला एक तरी शब्द सुखाचा आहे का? एखाद्याचं वाटोळं झालं की आपण 'त्याची वाट लागली' म्हणतो. वाट लागणं म्हणजे सर्वनाश, अशी ज्या लोकांची समजूत, त्यांच्या आजोबांना वाटेवर काय काय भेटलं असेल? या सगळ्या शब्दांच्या गर्दीत एकच शब्द हसतमुख आहे. तो म्हणजे वारी.

त्या शब्दावर आमच्या जिल्ह्याचा थोडा हक्क आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ज्या नरसीची परंपरा सांगते, ती नरसी आमचीच. नामदेव (१२७० ते १३५०) हे मराठीतले थोर चालणारे. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. दुसरा एखादा रुसून घरी बसला असता. नामदेव उठले आणि पंढरपूरहून औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे आले. आजच्या रस्त्यानं हे अंतर तीनशे किलोमीटरांच्या आसपास भरेल. इथं पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले. 'पाय काढा' म्हटल्यावर ते म्हणाले, 'जिथं देव नाही तिथं तूच उचलून ठेव.' नामदेव पाय उचलून जिथं ठेवायला जात, तिथं पिंड! एवढं चालून आल्यावर पायांच्या संदर्भातच गुरूपदेश मिळावा, हे मला फार योग्य वाटतं.

औंढ्याचं देऊळच नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरलं, अशी दुसरी गोष्ट आहे. पुढच्या बाजूला कीर्तन करू दिलं नाही म्हणून ते मागे जाऊन बसले, तर देऊळ वळून त्यांच्यासमोर आलं. नंदी मागच्या बाजूला राहिलेला आजही दाखवतात. पुढं नामदेव पायीच पंजाबपर्यंत पोचले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि देऊळ फिरल्याची हकिकत तिथंही आहे. नरसीचा माणूस पंजाबात जाऊन औंढ्याची बातमी सांगतो, याला मी दळणवळण म्हणतो.

पण भक्तीनं चालणाऱ्यांच्या मागोमाग इतिहासात दुसरेही चालणारे आले.

निजामाच्या राज्यात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पलटणी, तोफा, कवायती, इंग्रज अधिकारी असा सगळा थाट. अशा छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचे एक प्रतिष्ठित व्यापारी होते. साहेबमंडळींची त्यांच्याकडे खरेदी असे. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर या इंग्रजानं १८३९ साली ठगांवर एक गाजलेली कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत या शेठजींची हकिकत आहे. त्यांनी एकदा कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. परवाना रीतसर मिळाला. कापड मात्र दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं आणि तो ते घेऊन आपल्या गावाकडे येत होता. शेठजींनी त्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरं हाकणाऱ्यांना वाटेत संपवलं, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीला आणला आणि छावणीत उघड उघड विकला. ते या भागातल्या ठगांचे म्होरके होते! पकडल्यावर त्यांनी ही गोष्ट एखादा छान विनोद सांगावा तशी सांगितली.

मला तो विनोद अजून कळलेला नाही. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. ती थडगी उघडली तेव्हा टेलर स्वतः हजर होता. ठगांची रीत साधी होती. वाटसरूला ते धाक घालत नसत, सोबत देत. 'एकटे कुठं चाललात? वाट बरी नाही, आमच्याबरोबर चला.' या एका वाक्यानं किती माणसं गेली असतील! आपल्या आज्या 'वाटेत कुणाशी बोलू नकोस' म्हणून बजावत, ती काही उगाच म्हातारपणाची किरकिर नव्हती.

१८३०च्या दशकात ठगांचा बंदोबस्त झाला. कंटिंजंट १९०३ साली हिंदुस्थानी फौजेत विरून गेली. वाटेवरचे खुनी गेले, पण ऊन, काटे, अंधार आणि अंतर राहिलं. त्यांचा बंदोबस्त इंजिनाच्या गाडीनं केला. निजामाच्या रेल्वेनं जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात वाहतूक सुरू केली. तिकडे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झालं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुण्या-नगरची एसटी यथावकाश आमच्याही धुळीत न्हाऊ लागली. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. तोवर जिल्ह्याच्या कचेरीतला एक शिक्का मिळवायला परभणीची वारी घडे. त्या वारीत विठ्ठल नसे, नुसतीच वीट असे.

आणि इथं मराठी भाषेत एक नवीन गोष्ट घडली. माणूस 'उगीच' चालायला लागला. संध्याकाळी परतीची गाडी आहे हे ठाऊक असेल तरच दुपारी वाट चुकण्यात गंमत असते.

आता औंढ्याला एसटीतून उतरावं. देवळाच्या खालच्या भागातलं यादवकाळचं कोरीव काम डोळे भरून पाहावं. वरचा भाग अहिल्याबाई होळकरांनी बांधवला असं सांगतात. गाभारा तळघरात आहे. तिथं वाकून, अंग चोरून उतरावं लागतं आणि देवापुढं आपल्या पोटाचा घेर लपत नाही. मग गावाबाहेर पडून एखाद्या पांदणीनं डोंगराकडे लागावं. साग, धावडा, तेंदू, दगडादगडांतून सीताफळी. फाल्गुनात पळस पेटलेला असतो आणि गावोगाव हळद शिजत असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाकाला ते आधीच ठाऊक होतं. वाटेत गुराखी भेटतो. "धरण किती लांब?" म्हणावं. "हे काय, एक बिडी ओढून होईस्तोवर." तो बिडी फार सावकाश ओढतो हे तासाभरानं कळतं. पण 'चला, मीबी तिकडंच चाललो' असं तो म्हणतो तेव्हा आपण बेलाशक त्याच्याबरोबर निघतो. दोनशे वर्षांपूर्वी याच वाक्यानं माणसाचा घसा कोरडा पडला असता.

हे सारं एका वेळापत्रकावर उभं आहे, याची जाणीव २०२१ सालच्या ऑक्टोबरअखेर झाली. एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यांच्या मागण्यांमागे पोटाचा प्रश्न होता, त्यात विनोद करण्यासारखं काही नव्हतं. पण त्या पाच-साडेपाच महिन्यांत, ज्या गावाला दुसरं वाहन नाही, तिथल्या माणसाच्या बाबतीत 'पायपीट' या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळाला. शहरातला माणूस दहा हजार पावलं मोजून खूश होतो. दप्तर घेऊन रोज आठ किलोमीटर चालणारी पोर पावलं मोजत नाही, गाडीचा आवाज येतो का ते ऐकते. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचंच नाव आहे. वाटसरूंसाठी ठिकठिकाणी विहिरी आणि घाट बांधणाऱ्या बाईंचं नाव पासावर शोभतं, पण पास दाखवायला समोर गाडी यावी लागते.

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या भटकंतीची सूत्रं सौ.कडे गेली आहेत. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहते आहे; चार-चार किलोमीटरांचे दोन हात, आणि केंद्र सरकारनं २०२३ साली मंजूर केलेले २६०० कोटी रुपये. त्या यंत्राला जमिनीचा बारीकसा हादराही खपत नाही, म्हणून जागा शांत हवी. ज्या मुलखातल्या शांततेला वाटसरू भीत, ती शोधत आता शास्त्रज्ञ येतात. "म्हणजे तिथून जाताना तुम्ही जरा हळू पाय टाका," सौ. म्हणाली.

दर वर्षी शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते. शेकडो वारकरी, भगव्या पताका, पावसानं भिजलेला रस्ता. समोरून येणारी एसटी कडेला घेऊन ड्रायव्हर थांबतो, स्टिअरिंगवरचे हात जोडतो, आणि दिंडी पुढं गेल्यावर गाडी सोडतो. त्या दिवशी गाडीला उशीर होतो. घड्याळाकडे कुणी पाहत नाही.