प्लेग, चाळी आणि प्रकाशाचा कोन

घर चांगलें कीं वाईट, हें ठरविण्याची आमची रीत अजूनहि बहुधा दर्शनी भागावरच अवलंबून असते. पुढील कमान सुबक असली, जिन्यास सागवानी कठडा असला, म्हणजे इमारत उत्तम असा निर्वाळा देऊन आम्ही मोकळे होतों. परंतु घर हें राहण्यासाठीं असतें. तेव्हां त्यांत राहणाऱ्या माणसांचें काय झालें, यावरूनच त्याच्या रचनेचा खरा निवाडा व्हावयास हवा. मुंबई शहरास हा निवाडा १८९६ सालीं फार कठोर रीतीनें ऐकावा लागला.

त्या वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी प्रथम ओळखले. मांडवी म्हणजे गोदीलगतचा वखारींचा भाग. तळाला धान्याचीं पोतीं आणि वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडें, असा तेथला संसार. जागेची किंमत भारी; म्हणून मालकानें हातभर जमीनहि मोकळी सोडूं नये, चाळीस चाळ भिडवावी, आणि दोहोंमध्यें मैला काढण्यापुरता अरुंद बोळ ठेवावा. त्यालाच घरगल्ली म्हणत. मधल्या खोल्यांस खिडकी असली तरी ती बहुधा या घरगल्लीवरच उघडावयाची. दुर्गंधीच्या भयानें ती बंद ठेवावी, तर भर दुपारीं आंत दिवा लावण्याची पाळी.

अधिकाऱ्यांची त्या वेळची समजूत अशी कीं, रोगाचें मूळ घाणींत व कोंदट हवेंत आहे. त्यामुळें मोऱ्यांतून पाणी सोडण्यांत आलें, भिंतींस चुना फांसण्यांत आला, ऊन आंत यावें म्हणून छपरांचीं कौलें काढण्यांत आलीं, आणि कित्येक घरांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशा अर्थाची खूण करण्यांत आली. ही उपपत्ति चुकीची होती. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोग करून, हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें पसरतो असें दाखविलें. आणि १९०५ नंतरच्या संशोधनानें तें निश्चित झालें.

मग उजेडाचा व हवेचा सारा आग्रह व्यर्थच होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. उंदरांस आसरा मिळे तो त्याच वखारींत आणि त्याच काळोख्या कोपऱ्यांत. शिवाय क्षयासारखा जो रोग गाजावाजा न करितां घरोघर बळी घेत होता, तो तर कोंदट खोलींतच फोफावतो. प्लेगच्या कारणाविषयीं अधिकारी चुकले, तरी घरावरील आरोप खोटा ठरला नाहीं.

१८९८ सालीं ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तींत शिरावा या हेतूनें त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. परंतु आरंभींच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहींत. उठविलेलीं कुटुंबें कामधंदा सोडून दूर कशीं जाणार? तीं जवळपासच्याच चाळींत शिरलीं. एक गल्ली मोकळी झाली तों दुसरी अधिक दाटली.

पुढें ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें मांडला. खोलींत उजेड पुरेसा येतो कीं नाहीं, हें डोळ्यांच्या अंदाजावर न सोडतां मोजतां आलें पाहिजे, हा त्यांच्या विचारसरणीचा गाभा. १९१२ सालीं मुंबईंतील घरांच्या प्रकाश व हवेवर त्यांनीं व्याख्यान दिलें, आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम हिरीरीनें पुढें मांडला. लंडनच्या १८९४ च्या इमारत-कायद्यांत हा कोन पूर्वींच आलेला होता. त्याचा अर्थ सोपा आहे. खिडकीच्या भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा जमिनीशीं होणारा कोन याहून मोठा नसावा. म्हणजे समोरची इमारत ४० फूट उंच असेल, तर मध्यें निदान २० फूट जागा मोकळी हवी. या नियमाचा मोठा गुण हा कीं, घर बांधण्यापूर्वीं केवळ नकाशावरूनच त्याची परीक्षा करतां येते. चूक कागदावर सुधारणें स्वस्त. ती भिंतींत उतरली म्हणजे तिची किंमत भाडेकरूंच्या पिढ्यांस मोजावी लागते.

तथापि एकच मापदंड सर्व कांहीं मोजीत नाहीं. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. जुन्या शहराच्या मानानें त्यांमधील अंतर ऐसपैस होतें. पण बिऱ्हाडास खोली एकच, सुमारें १६० चौरस फुटांची, आणि शौचकूप सामाईक. कोन बाहेरची मोकळी जागा मोजतो. आंत माणसें किती, त्यांस भाडें झेपतें कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. तें जाणण्यासाठीं रचनाकारानें राहत्या घरांतच पुन्हा गेलें पाहिजे.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. गोवंडी-मानखुर्द भागांतील पुनर्वसन-वसाहतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनें पाहणी केली. जेथें इमारती एकमेकींस खेटून उभ्या आहेत तेथें, आणि त्यांतहि खालच्या मजल्यांवर, क्षयाचें प्रमाण अधिक असल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दिसून आलें. घरगल्लीच्या काळांतला धडा सव्वाशें वर्षांनीं आम्हांस पुन्हा गिरवावा लागावा, हें शोचनीय होय. नवें घर पाहावयास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं तरी कमान व कठडा पाहून झाल्यावर सर्वांत खालच्या मजल्यावरील मागच्या खोलींत क्षणभर उभें राहावें, आणि तेथें दिव्यावांचून वाचतां येतें कीं नाहीं तें पाहावें.