सहकारी साखर कारखान्यांचे कर्ज आणि वित्तीय गुणोत्तरे : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोणत्याही उद्योगसंस्थेची आर्थिक स्थिती जाणून घेण्यासाठी ताळेबंद व नफा-तोटा पत्रक ही दोन मूलभूत साधने होत. तथापि, त्यातील आकडे सुटे वाचले असता त्यांचा अर्थ लागत नाही. पन्नास कोटी रुपयांचे कर्ज एका संस्थेला पेलणारे, तर दुसरीला बुडविणारे असू शकते. म्हणूनच एका आकड्याचे दुसऱ्या आकड्याशी असलेले प्रमाण काढून निष्कर्षाप्रत येण्याची पद्धती विकसित झाली. यालाच गुणोत्तर विश्लेषण असे म्हणतात. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात हा विषय सूत्रांच्या स्वरूपात शिकविला जातो. परंतु ही सूत्रे कोणी, कोणासाठी व कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी तयार केली, हा इतिहास सहसा सांगितला जात नाही. प्रस्तुत शोधनिबंधात हा इतिहास थोडक्यात मांडून, हिंगोली जिल्ह्यासारख्या कोरडवाहू प्रदेशातील सहकारी साखर कारखान्याच्या कर्जाला ही गुणोत्तरे कितपत लागू पडतात, याचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) वित्तीय गुणोत्तरांच्या उगमाचा आढावा घेणे.
२) महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या भांडवल रचनेचे ऐतिहासिक वेगळेपण स्पष्ट करणे.
३) प्रचलित गुणोत्तरांच्या मर्यादा तपासून सभासद शेतकऱ्यास उपयुक्त ठरणारे मापन सुचविणे.

अभ्यासपद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. निबंधात दिलेली ताळेबंदाची उदाहरणे गणिती स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली असून ती कोणत्याही विशिष्ट कारखान्याची नाहीत.

गुणोत्तर विश्लेषणाचा उगम :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बँका कर्जदारांकडून ताळेबंद मागू लागल्या. अल्पमुदतीचे कर्ज वेळेवर परत येईल काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यातून चालू मालमत्ता व चालू देणी यांचे प्रमाण, म्हणजेच चालू गुणोत्तर, रूढ झाले आणि ते २:१ असावे असा संकेत पडला. १९१९ मध्ये अलेक्झांडर वॉल यांनी ९८१ उद्योगसंस्थांची सात गुणोत्तरे अभ्यासून, एकाच संकेतावर विसंबणे योग्य नसल्याचे दाखविले. याच सुमारास ड्यूपॉंट कंपनीत भांडवलावरील परताव्याची त्रिकोणी मांडणी अस्तित्वात आली. येथे प्रश्न विचारणारा बँकर नव्हता, तर अनेक कारखाने चालविणारा व्यवस्थापक होता.

१९६६ मध्ये विल्यम बीव्हर यांनी अपयशी ठरलेल्या ७९ व तेवढ्याच यशस्वी कंपन्यांची तुलना केली. एकूण कर्जाच्या तुलनेत हाती येणारा रोख प्रवाह हे गुणोत्तर अपयशाची पूर्वसूचना सर्वांत चांगली देते, असे त्यांना आढळले. १९६८ मध्ये एडवर्ड आल्टमन यांनी पाच गुणोत्तरे एकत्र करून ‘झेड’ गुणांक मांडला. त्यातील एक गुणोत्तर समभागांच्या बाजारमूल्यावर आधारित होते. सहकारी संस्थेच्या भागाला बाजारमूल्य नसते. तो दर्शनी किमतीचाच राहतो. त्यामुळे हा गुणांक आहे त्या स्वरूपात सहकारी कारखान्यास लावता येत नाही.

भारतात या पद्धतीला बँकिंग व्यवहारात निश्चित स्थान मिळाले ते टंडन समितीमुळे. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या या समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला. चालू मालमत्तेच्या किमान २५ टक्के रक्कम कर्जदाराने दीर्घकालीन निधीतून उभारावी, असा तिच्या दुसऱ्या पद्धतीचा आशय होता. शंभर रुपयांच्या चालू मालमत्तेमागे देणी पंचाहत्तर रुपयांहून अधिक नसावीत, म्हणजेच चालू गुणोत्तर १.३३ असावे, हा दंडक येथून आला.

वरील सर्व टप्प्यांत एक गोष्ट समान आहे. गुणोत्तर हे नेहमी कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. बँकर, व्यवस्थापक आणि गुंतवणूकदार यांनी आपापले प्रश्न विचारले. सहकारी कारखान्याचा मालक असलेल्या ऊस उत्पादकाचा प्रश्न मात्र यात कोठेच नव्हता.

सहकारी साखर कारखान्यांची भांडवल रचना :

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या सहकार्याने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढे हाच नमुना राज्यभर स्वीकारला गेला. सभासदांचे भागभांडवल, शासनाचे भागभांडवल आणि वित्तीय संस्थांचे दीर्घमुदतीचे कर्ज असे या रचनेचे तीन घटक होते. दीर्घमुदतीच्या कर्जास राज्य शासनाची थकहमी मिळत असे. खेळत्या भांडवलासाठी राज्य सहकारी बँक व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका साखरेच्या तारणावर कर्ज देत.

या रचनेत शेतकऱ्याचा स्वतःचा वाटा लहान व कर्जाचा वाटा मोठा असणे हे जाणीवपूर्वक स्वीकारलेले धोरण होते. अल्पभूधारकांच्या बचतीतून कारखाना उभा राहणे शक्य नव्हते. त्यामुळे खाजगी कंपनीस लावला जाणारा कर्ज-भांडवल गुणोत्तराचा दंडक येथे प्रारंभापासूनच शिथिल होता. थकहमीमुळे धनकोही निर्धास्त राहिला. गुणोत्तर बिघडले तरी धोक्याची घंटा वाजवावी, अशी निकड कोणालाच उरली नाही.

हिंगोली जिल्ह्याची पार्श्वभूमी :

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. निजामी राजवटीतून मुक्त झालेला हा प्रदेश १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या धरणांमुळे वसमत परिसरात कालव्याचे पाणी पोहोचले, तर पैनगंगेवरील इसापूर धरणाचा लाभ कळमनुरीच्या बाजूस झाला. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. वसमत येथील पूर्णा, कुरुंदा येथील टोकाई व डोंगरकडा येथील मराठवाडा हे सहकारी साखर कारखाने या प्रक्रियेची साक्ष देतात. डोंगरकडा येथील कारखाना पुढे नांदेड जिल्ह्यातील भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याचे युनिट म्हणून चालविला गेला.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या जिल्ह्यातील ऊस धरणांतील पाणीसाठ्यावर अवलंबून आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा कालव्याचे आवर्तन कमी होते व ऊसक्षेत्र घटते. कर्जाचे हप्ते मात्र पाऊसमान पाहत नाहीत.

गुणोत्तरांची कसोटी :

अ) नफा गुणोत्तर : खाजगी कंपनीत नफा हे यशाचे माप मानले जाते. सहकारी कारखान्यात मालक व कच्चा माल पुरविणारा एकच असतो. त्यामुळे वाढावा नफ्याच्या रूपाने न दाखविता ऊसदराच्या रूपाने वाटला जातो. वैधानिक किमान किमतीपेक्षा अधिक दिलेला दर हा खर्च की नफ्याचे वाटप, यावर आयकर विभाग व कारखाने यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, त्या दरातील नफ्याचा अंश वेगळा काढावा, असा निर्णय दिला. तत्पूर्वी २०१५ च्या वित्त अधिनियमाने शासनमान्य दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य केली होती व २०२३ मध्ये जुन्या वर्षांसाठीही दिलासा देण्यात आला. ज्या संस्थेत ‘नफा’ या शब्दाच्या अर्थासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, तेथे निव्वळ नफा गुणोत्तरावरून कार्यक्षमता ठरविणे धाडसाचे होय.

त्याऐवजी ऊसदराचे साखरेच्या मूल्याशी असलेले प्रमाण अधिक बोलके आहे. समजा, दररोज २,५०० टन क्षमतेच्या कारखान्याने १६० दिवसांत ४ लाख टन गाळप केले व उतारा १०.५ टक्के मिळाला. साखर ४ लाख २० हजार क्विंटल होईल. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेल्या ३१ रुपये किलो या किमान विक्री दराने तिचे मूल्य १३०.२० कोटी रुपये होते. २०१९-२० च्या हंगामात रास्त व किफायतशीर दर १० टक्के उताऱ्यास प्रतिक्विंटल २७५ रुपये व पुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास २.७५ रुपये होता. त्यानुसार उसाची किंमत प्रतिटन २,८८७.५० रुपये, म्हणजे एकूण ११५.५० कोटी रुपये होते. हे प्रमाण ८८.७ टक्के आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये केवळ साखरेच्या मूल्याच्या ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकास सुचविला होता. त्या हिशेबाने ही रक्कम ९७.६५ कोटी रुपये भरते. फरक १७.८५ कोटी रुपयांचा आहे. मळी, बगॅस, वीज वा इथेनॉल यांच्या उत्पन्नातून तो भरून निघाला नाही, तर तो कर्जातून भरला जातो.

याचा अर्थ शेतकऱ्यास दर कमी द्यावा असा नव्हे. उत्पादनखर्च शेतकऱ्यासही चुकत नाही. अर्थ एवढाच की, उसाचा दर शासन ठरविते, साखरेची किंमत बाजार ठरवितो आणि दोहोंमधील दरी ताळेबंदाच्या देणी बाजूस साचत जाते.

ब) चालू गुणोत्तर : सहकारी कारखान्याचा ताळेबंद ३१ मार्चचा असतो. त्या दिवशी हंगाम संपत आलेला असून गोदामे साखरेने भरलेली असतात. समजा, २ लाख क्विंटल साखर ३,६०० रुपये दराने ७२ कोटींची, इतर चालू मालमत्ता १८ कोटींची व चालू देणी ६७.५० कोटींची आहेत. चालू गुणोत्तर १.३३ येते, म्हणजे टंडन समितीचा दंडक पूर्ण होतो. परंतु साठा वगळून त्वरित गुणोत्तर काढल्यास ते केवळ ०.२७ भरते. साखरेचा दर क्विंटलमागे ५०० रुपयांनी उतरला, तर चालू गुणोत्तर १.१९ वर येते. बँकेने मूल्यांकनाच्या ८५ टक्के उचल दिली असल्यास १० कोटी रुपयांच्या या घसरणीमुळे ८.५० कोटी रुपयांचा ‘अपुरा दुरावा’ निर्माण होतो आणि ऊसबिलासाठी ठेवलेली रक्कम बँकेकडे वळते. २०१७-१८ च्या हंगामात दर कोसळले व जून २०१८ मध्ये केंद्र शासनास प्रथमच २९ रुपये किलो हा किमान विक्री दर ठरवावा लागला, ही पार्श्वभूमी येथे आठवावी.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत बिल देणे व विलंब झाल्यास १५ टक्के व्याज देणे बंधनकारक आहे. थकीत ऊसबिल म्हणजे सभासदाने कारखान्यास दिलेले सक्तीचे कर्जच होय.

क) कर्ज-भांडवल गुणोत्तर : प्रचलित आडव्या मांडणीच्या ताळेबंदात संचित तोटा मालमत्तेच्या बाजूस शेवटी दाखविला जातो. सभासदांचे भाग १२ कोटी, शासनाचे भाग ८ कोटी, राखीव निधी ५ कोटी व दीर्घमुदतीचे कर्ज ५० कोटी असल्यास गुणोत्तर २:१ दिसते. संचित तोटा १५ कोटी असेल व तो वजा केला, तर नक्तमूल्य १० कोटी उरते व गुणोत्तर ५:१ होते. शासनाचे भाग परतफेडीस पात्र असल्याने ते देणी मानले, तर नक्तमूल्य २ कोटी, कर्ज ५८ कोटी व गुणोत्तर २९:१ इतके भयावह होते. ताळेबंद एकच, परंतु वाचन तीन प्रकारचे.

ड) प्रतिटन व्याजभार : वरील ५० कोटींवर १२ टक्के दराने वर्षाचे व्याज ६ कोटी होते. ४ लाख टन गाळपावर ते प्रतिटन १५० रुपये पडते. अवर्षणाच्या वर्षी गाळप १ लाख ६० हजार टनांवर आले, तर तेच व्याज प्रतिटन ३७५ रुपये होते. कर्जात एका रुपयाची भर न पडताही भार अडीच पट होतो. बीव्हर यांनी कर्ज व रोख प्रवाह यांची सांगड घातली होती. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ही सांगड कर्ज व गाळप यांच्यात घालणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण येथे रोख प्रवाह पाण्यावर ठरतो.

कर्जाचा शेवट :

२००२ च्या सरफेसी कायद्याने धनकोस न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहकारी बँकांनाही तो लागू असल्याचे स्पष्ट केले. या काळात राज्यातील अनेक आजारी कारखाने विकले वा भाड्याने दिले गेले. मे २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेवरच प्रशासक नेमण्यात आले. विक्रीच्या किमतीतून प्रथम तारणधारक धनकोची वसुली होते. भागधारक सभासदाचा क्रम सर्वांत शेवटी येतो. बँकर विचारीत आलेल्या गुणोत्तरांनी बँकेचेही पुरते रक्षण झाले नाही व शेतकऱ्याचे तर झालेच नाही.

निष्कर्ष :

१) वित्तीय गुणोत्तरे तटस्थ नसतात. ती प्रश्न विचारणाऱ्याच्या हितातून जन्मास आलेली असतात.
२) सहकारी कारखान्यात निव्वळ नफा गुणोत्तर दिशाभूल करू शकते. ऊसमूल्य व साखरमूल्य यांचे प्रमाण अधिक विश्वसनीय आहे.
३) ३१ मार्चचे चालू गुणोत्तर साखरेच्या दरावर अवलंबून असल्याने ते त्वरित गुणोत्तरासोबतच वाचावे.
४) कर्ज-भांडवल गुणोत्तर काढण्यापूर्वी संचित तोटा वजा करावा व शासकीय भाग स्वतंत्र दाखवावेत.
५) पर्जन्याश्रित जिल्ह्यात प्रतिटन व्याजभार व थकीत ऊसबिल ही दोन मापे वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर, मागील पाच वर्षांच्या आकड्यांसह छापली जावीत.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ नुसार वार्षिक सर्वसाधारण सभा भरते व कलम ३२ नुसार सभासदास हिशेब पाहण्याचा हक्क आहे. कायद्याने दिलेला हा हक्क वापरण्यासाठी सभासदाला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. एकूण व्याजाला एकूण गाळपाने भागण्याइतके गणित गावातील शाळेतही शिकविले जाते. सर्वसाधारण सभेत हा भागाकार विचारला जाऊ लागल्यास कारखान्याची खरी स्थिती विक्रीच्या नोटिशीतून नव्हे, तर त्याआधी काही वर्षे सभासदांस कळू शकेल.