डोळ्यांतले पाणी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा काय लिहावे हे सुचेना. मी काही लेखिका नव्हे. पण गेल्या नरक चतुर्दशीच्या पहाटे नातवाला न्हाऊ घालीत असता त्याने विचारले, "आजी, शिकेकाई डोळ्यांत का झोंबते? माझा शांपू तर झोंबत नाही!" त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी बरीच लांब गेले. तीच हकीकत मैत्रिणींपुढे ठेवीत आहे.

आमच्या लहानपणी जूचंद्रात न्हाणे म्हणजे रडणेच. आजी आमची मान गुडघ्यांत धरून शिकेकाईचे पाणी डोक्यावर ओतावयाची. आम्ही किंचाळलो की म्हणावयाची, "डोलं मीट, गप बस." शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, तर दुसरे तेलाला. म्हणून केसांचे तेल सुटते. साबण आणि शांपू यांचेही काम असेच चालते. परंतु आपल्या डोळ्यांवरही अश्रूंचा पातळ पडदा सदैव पसरलेला असतो आणि त्यावर तेलाचा अगदी तलम थर असतो. केसांचे तेल कोणते आणि डोळ्यांचे कोणते, हा भेद फेसाला कळत नाही. तो थर विसकटला की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातील मज्जातंतू उघडे पडतात. शरीरात मज्जातंतूंची इतकी दाटी क्वचितच कोठे आढळते. ते मेंदूला हाक देतात, पापणी मिटते आणि पाणी धावून येते. म्हणजे झोंबणे हा डोळ्यांचा पहारेकरीच म्हणावयाचा.

शांपू हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. चांपणे, म्हणजे अंग दाबणे, यावरून तो इंग्रजीत गेला. १७५९ साली पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि मालिश यांचे स्नानगृह चालविले. चौथ्या जॉर्ज राजाचीही त्यांच्यावर मर्जी होती. पुढे मालिश मागे पडून केस धुणे हाच शांपूचा अर्थ झाला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत साबणाऐवजी कृत्रिम प्रक्षालकांचे शांपू निघाले. वस्तू डोळ्यांना किती त्रास देते हे मोजण्याची जॉन ड्रेझ यांची पद्धत १९४४ साली प्रसिद्ध झाली. ते मोजणे सशांच्या डोळ्यांवर चाले. मुक्या जिवांवरील सौंदर्यप्रसाधनांच्या अशा चाचण्यांना आपल्या देशात २०१४ साली बंदी झाली. लहान मुलांसाठी न रडविणारा शांपू आला तो १९५० नंतरच्या दशकात. त्यात डोळे बधिर करणारे औषध असते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. त्यातील प्रक्षालक सौम्य जातीचे असतात आणि त्याची आम्लता अश्रूंशी जुळती ठेवलेली असते, एवढेच.

येथवर वाचले आणि मला माझी आजी आठवली. मुलाच्या डोळ्यांची एवढी काळजी जगाने घेतली. तिच्या डोळ्यांचे काय?

आजी मिठागरावर जाई. अश्रूंत मीठ असते शेकडा ०.९ च्या आसपास, समुद्रात सुमारे ३.५, आणि मीठ धरण्याच्या बेतात आलेल्या वाफ्यातील पाण्यात २५ च्याही वर! कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसे हे पाणी डोळ्यांतले पाणी ओढून घेते. संध्याकाळी घरी यावे तो चूल वाट पाहत असावयाची. ओली लाकडे, धूर आणि तव्यावर भाजत असलेली मिरची. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या कळीने जाणवते, तीच कळी चटक्यानेही जागी होते, हे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली दाखविले. त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. "मिरचीने डोळं भाजलं," असे आजी म्हणे, ते किती शास्त्रशुद्ध होते!

धुरावर उपाय नव्हता असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी धुराड्याची मगन चूल तयार केली. हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांची बिनधुराच्या स्वयंपाकघरावरील पुस्तिका १९५३ साली निघाली. न रडविणारा शांपूही त्याच दशकातला. तो जगभर पसरला, बिनधुराची चूल मात्र आमच्या घरी पोचलीच नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला १९८३ च्या अखेरीस, आणि गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅस देणारी उज्ज्वला योजना २०१६ साली. चुलीच्या धुराचा मोतीबिंदूशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीला शेवटी शेवटी दिसेनासे झाले होते. कारण कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. बाईच्या डोळ्यांत पाणी असावयाचेच, असे सर्वांनी धरून चालले होते. तो पहारेकरी जन्मभर हाका मारीत होता. ऐकणारे कोणी नव्हते.

म्हणून मैत्रिणींनो, एवढेच मागणे आहे की, डोळा झोंबला तर "गप बस" म्हणू नका. डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटे सोडावी. पानाच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण चुना डोळ्यांत खोलवर शिरतो आणि दृष्टीही जाऊ शकते. तो गेलाच, तर कण काढून डोळा धुवावा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. दूध, तूप, मध काही घालू नये.

नातवाला मी उत्तर दिले आहे. आजीला द्यावयाचे मात्र राहून गेले. ते येथे लिहून ठेवीत आहे.