सगळ्या हाडांचे फोटो

1946 साली न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॅफी यांनी सहा तान्ह्या मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त साकळलेली ही मुलं. कॅफींनी हातापायांचेही एक्स-रे पाहिले, तेव्हा सहा जणांत मिळून 23 फ्रॅक्चर्स निघाली. काही ताजी, काही सांधत आलेली. हाडं ठिसूळ करणारा आजार नाही, आणि एवढी हाडं कशी मोडली हे घरच्यांच्या सांगण्यातून कळेना. 1962 साली डेन्व्हरचे हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी हे प्रकार मारहाणीचे आहेत, असं उघड लिहिलं. पुढे दोन वर्षांखालच्या मुलाबद्दल तसा संशय आला की सगळ्या हाडांचे फोटो काढायचे, हा नेम पडला. तोच स्केलेटल सर्व्हे.

अख्खं बाळ एकाच फिल्मवर घेऊन भागत नाही. वाढत्या हाडाच्या टोकाशी कोपऱ्याचा बारीकसा टवका उडालेला असतो. तो दिसायला प्रत्येक भागाचा वेगळा, रेखीव फोटो लागतो. बरगडीची ताजी चीर तर कित्येकदा दिसतच नाही. दोनेक आठवड्यांनी तिच्याभोवती नवं हाड धरतं, तेव्हा कळते. म्हणून फोटो पुन्हा काढतात, आणि हा दुसरा फेरा टाळणं मला अक्षम्य वाटतं. बोन स्कॅन बरगड्या लवकर दाखवतो, पण हाडांची वाढती टोकं त्यात मुळातच ठळक उमटतात आणि तिथली इजा लपते. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, मात्र नेमके ते टवके निसटतात.

मल्टिपल मायलोमात, म्हणजे अस्थिमज्जेच्या कर्करोगात, याच सर्व्हेचं पुढे वेगळं झालं. कवटीत पंचने पाडल्यासारखी गोल भोकं शोधायला तो वर्षानुवर्षं वापरला गेला; 1975 च्या ड्युरी-सॅमन वर्गीकरणात हाडांची स्थिती त्यावरूनच ठरे. पण साधारण तिसरा हिस्सा हाड झिजल्याशिवाय एक्स-रेत भोक दिसत नाही. बोन स्कॅन इथेही तोकडा, कारण तो नवं हाड बनतं तिथे उजळतो आणि मायलोमा ते बनणंच रोखतो. म्हणून आता शक्य तिथे कमी मात्रेचा संपूर्ण शरीराचा सीटी किंवा पेट-सीटी करतात. कण्हणाऱ्या रुग्णाला प्रत्येक फोटोसाठी कुशीवर वळवावं लागत नाही, हेही थोडं नव्हे. एमआरआय थेट मज्जा दाखवतो. 2014 पासूनच्या निकषांनुसार त्यात 5 मिलिमीटर किंवा मोठ्या एकाहून अधिक गाठी दिसल्या, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी उपचार सुरू करता येतात.