वीस पानांची पारख

अमेरिकेतील कॉमिक्सच्या दुकानांत नवे अंक येण्याचा परंपरागत वार बुधवार. नेहमीचे वाचक येतात, दुकानदाराने आपल्या नावाने बाजूला ठेवलेले अंक घेतात आणि दोन घटका काउंटरपाशी बोलत उभे राहतात. गेल्या महिन्याचा अंक कसा होता, चित्रकार का बदलला, कोणती मालिका आता सोडून द्यावी, असे ते बोलणे असते. सुपरहिरो कॉमिक्सची समीक्षा अशा बोलण्यातून वाढली. विद्यापीठांत ती पुष्कळ नंतर पोहोचली. या पुस्तकातील लेख नव्या अंकांतले उत्तम कोणते आणि फसलेले कोणते, याची चर्चा करतात. त्या बैठकीत मराठी वाचकांनीही येऊन बसावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

हे जग आपल्याला अगदीच परके नाही. १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मँड्रेक मराठी घरांत आले, आणि कितीतरी जणांच्या उन्हाळी सुट्ट्या त्यांच्या सोबतीने गेल्या. मात्र त्या आठवणीने नव्या अंकांकडे वळताना एक फरक ध्यानात घ्यावा. आजचा अमेरिकी मासिक अंक हा बहुधा चालू कथेतला एक हप्ता असतो. जाहिराती वजा जाता गोष्टीला जेमतेम वीस पाने मिळतात आणि त्यासाठी वाचक चार-पाच डॉलर मोजतो. एवढ्याशा जागेत मागचा धागा उचलायचा, काहीतरी नवे घडवायचे आणि पुढच्या महिन्याची ओढ लावायची, अशी ही कसरत आहे. ती ओळखल्याशिवाय अंकाला न्याय देता येत नाही.

दुसरी गोष्ट वारशाची. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला, अंकाची किंमत होती दहा सेंट. तेव्हापासून त्याची गोष्ट अनेक लेखक-चित्रकारांच्या हातून पुढे चालली आहे. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो. बुवा ते कसे रंगवतात, यासाठी तो बसून राहतो. सुपरहिरोंच्या वाचकाचेही तसेच आहे. नायक कोण आणि तो कसा घडला, हे त्याला पाठ असते. या लेखकाला त्या गोष्टीत नवे काय दिसले, एवढेच त्याला पाहायचे असते.

या कसोटीवर अलीकडचे दोन अंक पाहावेत. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये (२०२४) पीटर पार्करला शक्ती मिळते तेव्हा तो शाळकरी पोर नसतो, तो दोन मुलांचा बाप झालेला असतो. त्यामुळे धाडसाची किंमतच बदलते. त्याच वर्षी आलेल्या ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांनी ब्रूस वेनची गडगंज संपत्ती काढून घेतली. वाडा नाही, बटलरची सेवा नाही. मग बॅटमॅनचे उरते काय? एक प्रश्न ठामपणे विचारावा आणि बाकी सारे त्यातून उलगडत जावे, हे उत्तम अंकाचे लक्षण आम्ही मानतो.

आपल्या जवळचे उदाहरण २००४च्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’चे. गावाकडून मुंबईत आलेला पवित्र प्रभाकर धोतरासारख्या पेहरावात इमारतींवरून झेपावतो, ते जीवन कांग यांनी फार देखणे रेखाटले आहे. पण मूळ कथेतल्या पात्रांना एकेक भारतीय जोडीदार शोधण्यात गोष्टीचा बराचसा जोर खर्ची पडतो आणि मुंबईला स्वतःचे काही सांगायला फारसा अवकाश उरत नाही. अशा अंकाविषयी चांगले आणि उणे दोन्ही एकाच दमात सांगता यायला हवे.

फसलेले अंक बहुधा प्रश्नाच्या अभावी फसतात. १९९१च्या ‘एक्स-मेन’ मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनिशी निघाला आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या. कथेच्या ओढीने नव्हे, तर संग्रहासाठी अंक विकत घेण्याची ती लाट पुढे ओसरली आणि १९९६च्या अखेरीस ‘एक्स-मेन’च्या प्रकाशकांवर, मार्व्हलवर, दिवाळखोरीची वेळ आली. २००७च्या ‘वन मोअर डे’ने स्पायडर-मॅनचा वीस वर्षांचा संसार सैतानी सौद्यात पुसून टाकला; नायक पुन्हा अविवाहित व्हावा ही प्रकाशकांची गरज होती, कथेची नव्हे. वाचकांना तो घाव अजून आठवतो.

नव्याने येणाऱ्याला आमचे सांगणे साधे आहे. अंक दोनदा वाचा: एकदा शब्दांसाठी, एकदा केवळ चित्रांसाठी. टॉम किंग आणि मिच जेराड्स यांच्या ‘मिस्टर मिरॅकल’मध्ये (२०१७) पानामागून पान नऊ सारख्या चौकटींत बांधलेले आहे. नायक कुठूनही निसटणारा जादूगार, आणि पानच त्याला गजाआड ठेवते. हे संवादांतून कळत नाही. ते पानाकडे थोडे थांबून पाहिल्यावर कळते.

शेवटी मताविषयी. १९८८मध्ये बॅटमॅनचा सहायक असलेल्या दुसऱ्या रॉबिनने, जेसन टॉडने, जगावे की मरावे हे वाचकांनी दूरध्वनीवरून ठरवावे, असे आवाहन झाले. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने पडली, ५,२७१ विरुद्ध. बहात्तर मतांनी एक पात्र गेले, आणि एवढ्या साऱ्या फोनांपैकी एकातही कारण नोंदवायची सोय नव्हती. या पुस्तकातील लेखकांनी नेमकी ती जागा भरायचा प्रयत्न केला आहे. त्यांचे निकाल तुम्हाला पटलेच पाहिजेत असे नाही. एखादा नवा अंक मिळवा, तो दोनदा वाचा आणि आवडला की नावडला यापुढे ‘कारण’ हा शब्द लिहून वाक्य पुरे करा. ते वाक्य ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.