अस्मानी, सुलतानी आणि मोटारविमा

पेशवाईतील मामलतीचे आणि इजाऱ्याचे कागद चाळताना 'अस्मानी सुलतानी' हा जोडशब्द वारंवार भेटतो. ठरलेला वसूल सरकारात भरण्याची जबाबदारी मामलेदाराने पत्करलेली असे. पण अस्मानी किंवा सुलतानी झाली तर त्यात सूट मिळावी, अशी तरतूद करारातच असे. अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट ही अस्मानी. फौजांची धामधूम, लूट, जुलूम ही सुलतानी. जे माणसाच्या हाताबाहेरचे, त्याचा भार त्याच्या माथी मारू नये, हा त्यामागचा न्याय.

इंग्लंडात मालवाहतूकदारांच्या बाबतीत जवळजवळ हाच नियम होता. १७८५ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे एक खटला आला. वाहतूकदाराच्या ताब्यातला माल आगीत जळाला होता. आग दुसरीकडून आलेली, त्याची काही चूक नव्हती. तरीही भरपाई त्यानेच द्यावी, असा निकाल झाला. त्याच्या सुटकेच्या वाटा दोनच होत्या. एक 'देवाची करणी', म्हणजे वादळ, वीज यांसारखे संकट; दुसरी 'राजाचे शत्रू'. अस्मानी-सुलतानीचे हे सख्खे भावंडच. फरक एवढाच, की तिकडे भय राजाच्या शत्रूंचे, आपल्याकडे ते खुद्द सुलतानाचेही. हा फरक वरवर गमतीचा वाटतो. पण पुलावरून आणि धरणाखालच्या रस्त्यावरून धावणाऱ्या आजच्या मोटारीचा विचार करताना तो फार उपयोगी पडतो.

सोलापूर हा पर्जन्यछायेतला जिल्हा. इथल्या माणसाला दुष्काळाची अस्मानी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अतिवृष्टीची ओळख त्या मानाने तुटक. १४ ऑक्टोबर २०२० रोजी ती ओळख पक्की झाली. बंगालच्या उपसागरात उपजलेली वादळी प्रणाली आंध्र-तेलंगण ओलांडून या भागावर आली. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले, भीमेला पूर आला, रस्ते पाण्याखाली गेले. २०२५च्या सप्टेंबरात सीनेच्या महापुरामुळे सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक लांबोटीजवळ थांबवावी लागली. आणि दरवर्षीचा वळीव तर आहेच. दुपारभर तापलेल्या रानावर संध्याकाळी आभाळ फाटते, धुळीने समोरचे दिसेनासे होते आणि रस्त्याकडेचे लिंबाचे झाड आडवे होते. अशा वेळी गाडी घसरते, ट्रकवर आदळते, ओढ्याच्या पाण्यात ओढली जाते. घरचा माणूस जातो, आणि तेराव्यानंतर कोणीतरी विचारतो, "विम्याचे काय?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: चूक कोणाची होती?

वादळ हे उत्तर न्यायालयांनी एकेकाळी सहज मान्य केले. १८७२ साली इंग्लंडच्या चेशर परगण्यात असा पाऊस झाला, की एका खासगी इस्टेटीतले कृत्रिम तलाव फुटले आणि खालचे चार पूल वाहून गेले. १८७६ साली निकाल झाला: हयात माणसांच्या आठवणीत नाही इतका हा पाऊस, ही देवाचीच करणी, मालकिणीवर जबाबदारी नाही. आपल्याकडे कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलनेही निष्काळजीपणा सिद्ध नाही म्हणून जमीनदाराला मोकळे केले.

पुढे मात्र अस्मानीचे क्षेत्र आक्रसत गेले. स्कॉटलंडमधील ग्रीनॉक नगरपालिकेने मुलांना खेळायला तळे करण्यासाठी ओढ्याचा प्रवाह बदलला होता. मोठ्या पावसात पाणी फुटून रेल्वेचे नुकसान झाले. पाऊस असाधारण होता हे खरे. पण ओढा वळवणारा माणूस होता, असे म्हणून १९१७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने नगरपालिकेला जबाबदार धरले. १९५८च्या एका निकालात मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे भिंत पडून दोन मुले दगावल्याचे प्रकरण होते. त्या दिवशी २.६६ इंच पाऊस झाला होता. पावसाळ्यात एवढा पाऊस व्हायचाच, तो दैवी आपत्ती कसा, असे न्यायालयाने म्हटले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील धरणातून सोडलेल्या पाण्याने झालेल्या नुकसानीतही देवाकडे बोट दाखवण्याचा सरकारचा बचाव फेटाळला. जे आधी ओळखता येते आणि ज्याची तजवीज करता येते, ते अस्मानी राहत नाही, हे या निकालांचे सार.

मोटारीच्या कायद्याचा प्रवास याला समांतर झाला. इंग्लंडने १९३० साली त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आली आणि १ जुलै १९४६ पासून ती प्रत्यक्ष लागू झाली. १९५६च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे स्थापन करण्याची सोय केली. विमा होता, न्यायाधिकरण होते. पण दार उघडायची किल्ली एकच होती: चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करा. भर पावसात, रात्री, साक्षीदार नसताना गेलेल्या माणसाच्या विधवेने तो कसा सिद्ध करावा?

मुंबई उच्च न्यायालयाने एका लॉरी-अपघाताच्या खटल्यात धाडसी भूमिका घेतली होती: भरपाईसाठी निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती चुकीची ठरवली. पण न्यायालयात हरलेला विचार पाच वर्षांनी संसदेत जिंकला. १ ऑक्टोबर १९८२ पासून 'दोषाविना दायित्व' कायद्यात आले: चूक कोणाचीही असो वा नसो, मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. १९८८च्या कायद्याने या रकमा २५,००० आणि १२,००० केल्या, १९९४च्या दुरुस्तीने ५०,००० आणि २५,०००. त्याच दुरुस्तीने उत्पन्न आणि वय यांच्या कोष्टकावरून, दोष न विचारता भरपाई देण्याची वाटही काढली. २०१९च्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२२ पासून, या रकमा मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाल्या. याहून अधिक, पूर्ण भरपाई हवी असेल तर आजही चूक सिद्ध करावी लागते.

कायद्याच्या या शब्दांना अर्थ देण्यात महाराष्ट्रातील अपघातांचा वाटा मोठा आहे. २९ ऑक्टोबर १९८७च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ ट्रकच्या धडकेने पेट्रोलचा टँकर उलटला. काही तासांनी गावकरी सांडलेले पेट्रोल भरून घेत असताना स्फोट झाला आणि ४६ जण दगावले. टँकर तर निश्चल पडलेला. मग हा मोटारीच्या वापरातून झालेला अपघात कसा? १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, की उलटून पडलेला टँकरही वापरातच होता आणि त्या पंधरा हजारांवर वारसांचा हक्क आहे. २००१ साली टायर फुटून उलटलेल्या जीपखाली पादचारी सापडल्याच्या खटल्यात, चालकाची चूक नसली तरी धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने भरपाई द्यावी, असा निर्णय झाला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. एस. जी. डिगे यांनी पुण्याहून मुंबईला निघालेल्या मोटारीच्या अपघातात टायर फुटणे ही दैवी करणी मानायला नकार दिला.

मग वादळातल्या अपघाताची सगळी चिंता मिटली का? तसे नाही. समोरच्या दारातून बाहेर घातलेला 'दोष' मागच्या दारांनी आत येतो.

पहिले दार खुद्द मालकाचे. सक्तीचा विमा त्रयस्थासाठी असतो. पुराच्या पाण्यात स्वतःची गाडी घालून मालकच वाहून गेला, तर तो स्वतःविरुद्ध दावा लावू शकत नाही. त्याच्या घरच्यांना आधार फक्त मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा. २०१८ साली त्याची रक्कम १५ लाख करण्यात आली. दुचाकीचा विमा उतरवताना लोक हेच कलम वाचत नाहीत.

दुसरे दार इंजिनाचे. सर्वंकष विम्यात वादळ, पूर, गारपीट, वीज, दरड ही संकटे नाव घेऊन लिहिलेली असतात. पण २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवसानंतर, अनेक मालकांना एक बारीक भेद कळला. पाण्यात उभ्या गाडीचे झालेले नुकसान पुराचे. पण पाणी शिरलेल्या इंजिनाला चावी फिरवून कनेक्टिंग रॉड वाकवला, तर ते 'परिणामी नुकसान', तुमच्या हातचे. ते भरून हवे असेल तर इंजिनासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते.

तिसरे दार झाडाचे. राजकोटमध्ये १९७५ साली कामावर निघालेल्या माणसावर रस्त्याकडेचे झाड पडले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की झाड पोखरलेले असल्याचे महानगरपालिकेला ठाऊक असल्याचे सिद्ध नाही, म्हणून ती जबाबदार नाही. तो पायी होता. त्याला कोणाचाच विमा लागू नव्हता.

म्हणूनच सुलतानीचा विचार सोडून चालत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस व एक मोटार अंधारात नदीत गेली. समोर पूल उरलेला नाही, हे चालकाला दिसणार कसे? त्याचा दोष शोधणे व्यर्थ. पण नव्वदीकडे झुकलेल्या पुलाची तपासणी, पूर चढताना वाहतूक थांबवणे, या गोष्टी आकाशातून येत नाहीत. पाऊस अस्मानी होता. त्या पुलावर रहदारी चालू राहणे अस्मानी नव्हते.

दोषाविना भरपाई ही मोठी सुधारणा आहे. वारसांना वर्षानुवर्षे साक्षीदार शोधत कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावणारी व्यवस्था तिने काही अंशी तरी मोडली. पण तिची एक सावलीही पडते. धनादेश मिळाला, फाईल बंद झाली, की तो पूल, ते झाड, तो नाला तसाच राहतो, पुढच्या पावसासाठी. जुन्या कागदांत अस्मानी आणि सुलतानी यांना सूट एकच मिळे, तरी लिहिणारा दोन्ही शब्द वेगळे लिहीत असे. वादळानंतरच्या आपल्या पंचनाम्यांत बहुधा पहिलाच शब्द उरतो. सीनेचे पाणी ओसरल्यावर लांबोटीचा रस्ता पुन्हा सुरू झाला. पुढच्या पुरात त्यावर कोणाची गाडी गेली, तर विमा कंपनी आपला हिशेब करील. दुसऱ्या शब्दाचा हिशेब आपल्यालाच मागावा लागेल.