पेटीतलं रिव्हॉल्व्हर

काल खंडेनवमी झाली. महूतल्या आमच्या युनिटमध्ये रीतीप्रमाणे शस्त्रपूजा. पहाटे कोतातून हत्यारं बाहेर आली, पुसून तेल दिलं गेलं, झेंडूच्या माळा पडल्या, कुंकवाची बोटं उठली. पंडितजींचे मंत्र संपले, प्रसाद वाटला, आणि अकराच्या आत सगळी हत्यारं नंबर मोजून परत कोतात. आज सकाळी त्यातलीच काही रेंजवर होती. एकाच्या बटावर कुंकू अजून पुसट दिसत होतं.

ते कुंकू पाहून मागच्या महिन्यातला एक फोन आठवला. आज लिहायचं आहे ते त्याबद्दल.

फोन माझ्या कोर्समेटचा होता. बटालियनच्या नेमबाजी संघातला हा गडी निवृत्तीनंतर मुलाकडे टेक्सासात, सॅन अँटोनियोला राहायला गेला. ग्रीन कार्ड झालं, जवळच्या शूटिंग क्लबात नाव घातलं, आणि आता स्वतःचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं मनात होतं. एका दुकानात त्याला एक सापडलं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९, बोअर .३५७ मॅग्नम, १९७३ सालचं. टेक्सास रेंजर्स दलाला दीडशे वर्षं झाली म्हणून काढलेली ती स्मरणार्थ आवृत्ती. बाजूच्या झाकणावर रेंजरांचा तारा कोरलेला.

"घेऊ का?" तो म्हणाला. "मला दर शनिवारी पन्नास गोळ्या मारायच्या आहेत. दुकानदार म्हणतो, साहेब, हे चालवायचं नसतं, ठेवायचं असतं. अरे, ठेवायचं म्हणजे काय? बंदूक आहे का लग्नातला शालू?"

मी म्हटलं, मला थोडे दिवस दे. त्याला नेमबाजी माझ्यापेक्षा जास्त कळते, पण इतिहासाची खाज मला आहे.

टेक्सास रेंजर्सचं मूळ १८२३ सालापर्यंत नेतात. टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होतं. तिथे वसाहत घालणाऱ्या स्टीफन ऑस्टिनने वस्तीच्या राखणीसाठी दहा माणसं नेमायचं ठरवलं, ती सुरुवात. पण रेंजर आणि रिव्हॉल्व्हर यांची गाठ पडली ती पुढे वीस वर्षांनी. सॅम्युएल कोल्टचं पहिलं रिव्हॉल्व्हर, पॅटरसन, पाच गोळ्यांचं होतं. ते फारसं खपलं नाही आणि १८४२ मध्ये कोल्टची कंपनी बुडाली. टेक्सासच्या आरमाराने त्यातली काही घेतली होती, ती फिरत फिरत रेंजरांच्या हाती आली. १८४४ च्या जूनमध्ये जॅक हेज या कॅप्टनच्या पंधराएक माणसांनी ती घोड्यावरून चालवून आपल्याहून कितीतरी मोठ्या कोमांची टोळीला मागे रेटलं. त्याआधी एक गोळी झाडली की घोडेस्वार रिकामा व्हायचा आणि तो बार भरेपर्यंत कोमांची धनुर्धारी अनेक बाण सोडायचा. घोडदळाच्या लढाईचं गणित त्या दिवशी बदललं.

त्या चकमकीत जखमी झालेल्यांत सॅम्युएल वॉकर नावाचा रेंजर होता. मेक्सिकोबरोबर युद्ध सुरू झाल्यावर त्याने कोल्टला पुढे काय हवं ते सांगितलं. पाचाऐवजी सहा गोळ्या हव्यात, बोअर मोठं हवं, हातात भक्कम हवं. त्यातून १८४७ चं वॉकर मॉडेल जन्मलं. वजन दोन किलोच्या आसपास. हजार नग सैन्यासाठी आणि शंभरेक विकायला किंवा भेट द्यायला. कोल्टचा बुडालेला धंदा त्या ऑर्डरने पुन्हा उभा राहिला. भेटीची एक जोडी वॉकरला युद्धभूमीवर पोचली आणि थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १८४७ मध्ये, वामान्तलाच्या लढाईत तो पडला.

मला यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वॉकर रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर चित्र कोरलेलं होतं, रेंजर आणि कोमांची यांच्या लढाईचं. म्हणजे आठवण कोरलेली होतीच. पण ती ज्या लोखंडावर कोरली ते दुसऱ्या दिवशी लढाईत वापरायचं होतं. ती रिव्हॉल्व्हरं खोगिराला लटकली, पावसात भिजली. दारू जास्त भरल्यामुळे कित्येकांचे सिलिंडर फुटले. म्हणूनच आज ती इतकी दुर्मिळ आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात पेटीसकट टिकलेलं एक वॉकर अठरा लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. ते कोरं राहिलं म्हणून महाग झालं हे खरंच. पण त्याचे बाकीचे भाऊ कामात खर्ची पडले, म्हणूनच त्या कोरेपणाला एवढी किंमत आली.

आता १९६१ कडे येऊ. इलिनॉयमधल्या जेनेसिओ या गावाला १२५ वर्षं झाली म्हणून कोल्टने छोटी डेरिंजर पिस्तुलं काढली, फक्त १०४. ती हातोहात गेली आणि कारखानदारांना एक नवीन वाट दिसली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत राज्यं, किल्ले, शेरीफ, जुन्या वाटा, जे सापडेल त्याच्या नावाने स्मरणार्थ कोल्ट निघाली. विंचेस्टरने १९६६ मध्ये स्वतःच्या शंभरीची रायफल काढली, ती तर लाखभर. १९७३ चं माझ्या मित्राचं रिव्हॉल्व्हर याच लाटेतलं. नग हजारांत. बरोबर एक बोवी सुरी, आणि दोन्ही मांडायला लाकडी पेटी.

गंमत अशी की घेणाऱ्या प्रत्येकाने हे रिव्हॉल्व्हर पुढे महाग होणार म्हणून जपून ठेवलं. सगळ्यांनीच जपलं, त्यामुळे ते दुर्मिळ झालंच नाही. आणि जपण्याची अट अशी की एक गोळी झाडली, पेटी हरवली किंवा सुरी गेली, की 'संग्राह्य' किंमत उतरून साध्या मॉडेल १९ च्या जवळ येते. म्हणजे मालकाने आयुष्यभर एका न झाडलेल्या गोळीची राखण करायची!

आणखी एक गोष्ट मी मित्राला सांगितली. या ताऱ्यामागे काय आहे तेही माहीत असू दे. जानेवारी १९१८ मध्ये टेक्सासच्या सीमेवर पोरवेनिर नावाच्या वस्तीत रेंजरांनी मेक्सिकन वंशाच्या पंधरा पुरुष आणि मुलांना रात्री घराबाहेर काढून मारलं. पुढच्या वर्षी राज्याच्या विधिमंडळात दलाची चौकशी झाली, दल कमी केलं गेलं. पेटीतल्या आठवणीत हे बसत नाही. पेटी नेहमी एका बाजूचीच आठवण ठेवते. आपण वर्दीवाल्यांनी तरी दोन्ही बाजू ठेवाव्यात. कुठल्याही दलाचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, उलट खरा होतो.

आता स्वतःची चूक सांगतो. कानपूरच्या पोस्टिंगला असताना मी तिथल्या आयुध निर्माणीचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. वेब्ली मार्क ४ च्या वळणाचं, ब्रिटिश काळापासून आपल्या ओळखीचं हत्यार. घेतल्या दिवशी थोड्या गोळ्या मारल्या, मग चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवलं. वाटलं, जपतोय. काही वर्षांनी बदली झाली तेव्हा काढून पाहिलं तर जिथे चामडं चिकटून होतं तिथे बॅरलवर गंजाची रेघ. चामडं ओल धरून ठेवतं, हे मी शंभर जवानांना शिकवलेलं! मखमलीच्या पेटीचंही तेच. आणि गंज फक्त बॅरलला नव्हता. रेंजवर गेलो तेव्हा पहिल्या सहा गोळ्यांत कळलं की हातालाही चढला होता.

त्याच कानपूरच्या निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' काढलं, तेही .३२ बोअरचं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर, निर्भयाच्या आठवणीशी नाव जोडून, स्त्रियांसाठी म्हणून. वजनाला हलकं, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटीत घालून. हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्या पेटीने मला तेव्हाही अस्वस्थ केलं होतं. जे हत्यार जीव वाचवायला घेतलं ते दागिन्यासारखं ठेवलं, तर वेळ आली की ते दागिन्याइतकंच उपयोगाचं. सराव नसेल तर पेटीतल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा मोठ्याने मारलेली हाक बरी.

आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी टोकदार आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवान्यावर ठेवता येणाऱ्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. एक मिरवायला आणि एक चालवायला, ही चैन टेक्सासातल्या माणसाची.

म्हणून मित्राला माझं उत्तर असं होतं.

पहिलं, दुकानात जाऊन विचार की पेटी, सुरी, कागद सगळं आहे का. सगळं असेल आणि रिव्हॉल्व्हर खरंच कोरं असेल तर ते घेऊ नकोस. त्याची जास्तीची किंमत तुझ्या कामाची नाही, ती दुसऱ्या कुणाला हवी असेल. तू ती देऊन पहिल्याच शनिवारी उडवून टाकशील.

दुसरं, सिलिंडर नीट बघ. कारखान्यात प्रत्येक नग तपासायला गोळी झाडतातच, त्यामुळे सिलिंडरभोवतीची पुसट रेघ चालेल. ती रेघ खोल आणि चकचकीत असेल, सिलिंडरच्या तोंडाशी काजळी खाऊन बसली असेल, तर कुणीतरी आधीच चालवलंय. मग दुकानदाराचं 'ठेवायचं असतं' संपलं. भाव साध्या मॉडेल १९ चा कर.

तिसरं, तारा सोडला तर आत सगळं नेहमीचंच १९ आहे. १९५५ मध्ये हे मॉडेल आलं ते सीमा गस्तीतल्या बिल जॉर्डनच्या सांगण्यावरून. रोज कमरेला वागवता येईल इतकं हलकं हवं, सराव .३८ स्पेशलवर आणि मॅग्नम गरजेपुरती, असा त्याचा हिशेब. बॅरलच्या मुळाशी खालच्या बाजूला लोखंड थोडं तासलेलं आहे. हलक्या वजनाच्या वेगवान मॅग्नम गोळ्या सतत मारल्या तर तिथे तडा जातो. तू .३८ वर राहा. ते तुला पुरून उरेल, तुझ्या नातवालाही.

आणि चौथं, हे फौजी म्हणून. ज्या हत्यारावर खरोखर काही घडून गेलंय, ज्याला कुणाच्या हाताचा घाम लागलाय, ते असेल तर जपून ठेव. त्याचा इतिहास तूच पुसू नकोस. पण इथे इतिहास कारखान्यात कोरून दिलाय. या रिव्हॉल्व्हरवर अजून काहीच घडलेलं नाही. जे घडायचं ते तुझ्या हातून घडू दे.

तो दुकानात पुन्हा गेला. पेटी होती, सुरी नव्हती. सिलिंडरवर रेघ खोल होती. पन्नास वर्षांत कुणीतरी शनिवार साजरे केले होते. अर्धा तास घासाघीस करून त्याने घेतलं.

गेल्या शनिवारी त्याने टार्गेटचा फोटो पाठवला. सहाच्या सहा गोळ्या डावीकडे खाली. ट्रिगर दाबताना धक्क्याच्या धास्तीने मनगट आधीच झुकतंय, हे रंगरूटालाही कळेल. मी तेवढंच लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "माहीत आहे रे. आणखी चव्वेचाळीस बाकी आहेत."

पेटीत आता तो चष्मा आणि कानाचे प्लग ठेवतो.